नसण्याचा पुरावा

बंद पडलेल्या यंत्राची तपासणी बहुधा एकाच प्रश्नापासून सुरू होते: कालपर्यंत ते चालत होते, मग मधल्या वेळात काय बदलले? या प्रश्नामागे असे गृहीत असते की यंत्राची एक चालती अवस्था केव्हातरी अस्तित्वात होती, तिच्यात सर्व भागांचे परस्परांशी जुळत होते आणि आजची अवस्था तिच्यापासून एखाद्याच बाबतीत ढळलेली आहे; तेवढी बाब सापडली की तपास संपतो. सुटे भाग विकत आणून प्रथमच जोडलेल्या डेस्कटॉप संगणकाला, म्हणजे बाजारात ज्याला ‘असेंबल्ड पीसी’ म्हणतात त्याला, असा काल नसतो. त्याचा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि वीजपुरवठ्याची पेटी हे भाग आपापल्या कारखान्यातून तपासून बाहेर पडलेले असले, तरी नेमके हेच भाग एकमेकांच्या सोबतीने यापूर्वी कधीही चाललेले नसतात. बटण दाबल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा मात्र काळाच राहतो, तेव्हा ‘काय बदलले’ या प्रश्नाला उत्तर नसते, कारण सगळेच नवे असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत या अवस्थेला ‘डिस्प्ले येत नाही’ एवढेच म्हणतात. हे वर्णन एका अभावाचे आहे, आणि अशा यंत्राच्या तपासणीचे बरेचसे तर्कशास्त्र अभावावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरते.

अभावाचा अर्थ लावायचा, तर काय व्हायला हवे होते याचा क्रम आधी ठाऊक असावा लागतो. संगणकाचे बटण मुख्य वीज जोडते, ही समजूत जुन्या यंत्रांपुरती खरी होती. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक, म्हणजे मदरबोर्ड, कॅबिनेट आणि वीजपुरवठा यांच्या मापांचा व जोडणीचा सामायिक आराखडा, पुढे आणला आणि त्यानंतर बटणाचे काम केवळ विनंती करण्याचे उरले. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करणारी पेटी, जिला भारतीय बाजारात एसएमपीएस म्हणतात, ती आपला मागचा खटका चालू असेपर्यंत मदरबोर्डाला ५ व्होल्टचा लहानसा राखीव पुरवठा सतत देत असते, आणि त्याच्या आधारावर ‘बंद’ संगणकातही मदरबोर्डाचा एक कोपरा जागा राहतो. बटण दाबले की दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात, जागा असलेला तो कोपरा चोवीस पिनांच्या मुख्य जोडणीतील एका तारेवरचा दाब शून्यावर आणतो आणि हा संकेत मिळाल्यावर एसएमपीएस आपले मुख्य पुरवठे सुरू करते. ते स्थिरावले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत ‘पुरवठा ठीक आहे’ असा उलट संकेत दुसऱ्या तारेवरून येतो, आणि तो येईपर्यंत प्रोसेसरला मुद्दाम रोखून धरलेले असते.

रोखलेला प्रोसेसर सुटतो तेव्हा रॅम किती आहे, ती कोणत्या वेगाने चालते, पडदा जोडलेला आहे की नाही, यांपैकी काहीच त्याला माहीत नसते. इंटेलच्या परंपरेत तो ४ जीबीच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडच्या ठरावीक पत्त्यावरची आज्ञा वाचतो, आणि त्या पत्त्यावर मदरबोर्डाच्या फ्लॅश चिपमध्ये लिहून ठेवलेला प्रारंभिक प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, त्याची वाट पाहत असतो. त्यालाच जुन्या सवयीने अजूनही बायोस म्हटले जाते. या टप्प्यावर रॅम वापरण्याजोगी झालेली नसते, म्हणून प्रोसेसरच्या पोटातील कॅशे ही छोटी स्मृती तात्पुरती रॅम म्हणून वापरून फर्मवेअर खऱ्या रॅमला कामाला लावते. एएमडीच्या अलीकडच्या प्रोसेसरांत हेच काम आत बसवलेला एक वेगळा लहान प्रोसेसर मुख्य गाभ्यांच्या आधी उरकतो. रॅम तयार झाली की ग्राफिक्सची, मग कीबोर्ड व डिस्क यांची पाळी येते आणि शेवटी डिस्कवरील ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारली जाते. यंत्राने सुरू होताना स्वतःच स्वतःची घेतलेली ही चाचणी पोस्ट या नावाने ओळखली जाते, आणि ती १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली आहे.

या क्रमातून पुढे येणारी एक गोष्ट तपासणीच्या दृष्टीने निर्णायक आहे. पडद्यावर एक साधे वाक्य उमटायचे, तर वीज, प्रोसेसर, फर्मवेअर, रॅम आणि ग्राफिक्स या पाचही पायऱ्या पार पडलेल्या असाव्या लागतात. म्हणजे संगणकाला नीट बोलता येईपर्यंत त्याची बहुतेक दुखणी टळून गेलेली असतात. सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही, हा बिघाड यंत्र पूर्ण वाक्यात सांगते, आणि नव्या संगणकात तर तो बिघाडही नसतो, कारण कोऱ्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम अजून घातलेलीच नसते. ग्राफिक्सपाशी अडलेले यंत्र एखाद्या दिव्याने खूण करते, रॅमपाशी अडलेलेही तेवढेच करते आणि विजेपाशी अडलेले काहीच करत नाही. बिघाड जितका मुळाशी, तितके यंत्राचे बोलणे तोकडे. त्यामुळे जिथे मदतीची गरज सर्वाधिक असते, तिथेच पुरावा सर्वांत कमी मिळतो आणि तपासणाऱ्याला जे घडले नाही त्यावरून अनुमान करावे लागते.

अशा अनुमानाच्या अटींचा विचार भारतीय दर्शनांनी फार बारकाईने केलेला आहे. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट यांच्या परंपरेने अनुपलब्धी, म्हणजे एखादी वस्तू न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले. नैयायिकांनी तिला स्वतंत्र स्थान नाकारले आणि अभावाचेही प्रत्यक्षच होते व अनुपलब्धी त्याला केवळ साहाय्य करते असे म्हटले, परंतु एका अटीबाबत दोन्ही पक्षांचे एकमत होते. जमिनीवर घडा दिसत नाही यावरून घडा नाही असे तेव्हाच ठरते, जेव्हा घडा असता तर तो नक्की दिसला असता. उजेड होता, डोळे शाबूत होते आणि ती वस्तू दिसण्याजोगी होती. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधारात घडा न दिसणे काहीही सिद्ध करत नाही, आणि पिशाच मुळातच दिसण्याजोगे नसल्यामुळे ते न दिसण्यावरून त्याच्या नसण्याविषयी निर्णय करता येत नाही. सुरू न होणाऱ्या संगणकापुढे बसलेल्या माणसाच्या बऱ्याच चुका या एका अटीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

यंत्राचा ‘बीप’ हा आवाज त्याचे पहिले उदाहरण म्हणता येईल. आयबीएम पीसीत एक आखूड बीप ऐकू आली की चाचणी सुखरूप पार पडली असे समजत, आणि ती ऐकू न येणे ही धोक्याची खूण होती, कारण त्या यंत्रात स्पीकर हमखास असे. आजच्या कित्येक मदरबोर्डांसोबत तो चिमुकला स्पीकर येतच नाही, तो वेगळा आणून चार पिनांवर बसवावा लागतो, आणि तो बसवलेला नसताना बीप न वाजण्याला कोणताही अर्थ उरत नाही. तरीही जुन्या पुस्तकी नियमाच्या आधाराने ‘बीप नाही, त्या अर्थी मदरबोर्ड गेला’ असा निष्कर्ष काढून चांगला मदरबोर्ड परत केला जातो. आवाज असता तर तो ऐकू आला असता का, हा प्रश्नच अशा वेळी विचारलेला नसतो.

दुसरे उदाहरण काळाचे आहे. डीडीआर५ प्रकारची रॅम सेकंदाला ६००० दशलक्ष वेळा या वेगाने चालवली, तर प्रत्येक तारेवर एका बिटच्या वाट्याला १६७ पिकोसेकंदांहून किंचित कमी अवधी येतो, आणि तेवढ्या अवधीत मदरबोर्डाच्या तांब्याच्या रेषेवरून संकेत सुमारे अडीच सेंटिमीटरच पुढे सरकतो. रेषांच्या लांबीतील अल्पसा फरकही एवढ्या वेगात जाणवतो, त्यामुळे कोणत्या रेषेवरचा संकेत नेमका केव्हा वाचायचा, हे फर्मवेअरला प्रत्येक जोडणीसाठी प्रयोगाने शोधून काढावे लागते. या शोधाला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम५ मंचावर नव्या रॅमसह पहिल्यांदा सुरू होताना या कामाला काही मिनिटे लागू शकत, आणि त्या वेळात पडदा काळाच राहत असे. अधीर झालेला मालक तेवढ्यात वीज तोडतो, पुन्हा जोडतो, आणि शोध पहिल्यापासून सुरू होतो. अशा प्रकारे निरोगी यंत्र मालकाच्या प्रयत्नांमुळेच सुरू होईनासे होते. ठरलेली वेळ उलटण्यापूर्वीचा अभाव हा अजून अभाव म्हणून गणता येत नाही.

तिसरे उदाहरण खुद्द पडद्याचे आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ग्राफिक्सचा भाग वापरात नसतो. एएमडीच्या रायझन मालिकेतही ७००० च्या आधीच्या, ‘जी’ हे अक्षर नसलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरांची तीच स्थिती आहे. असा प्रोसेसर बसवून पडद्याची केबल स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या मागच्या खाचेत लावली, तर संगणक अगदी व्यवस्थित चालूनही काहीच दिसणार नाही. येथे पडदा हा साक्षीदार म्हणून अपात्र आहे, आणि दुसरा साक्षीदार शोधणे एवढाच मार्ग उरतो. कीबोर्डवरील नम लॉक ही कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत-विझत असेल, तर प्रोसेसर, रॅम आणि फर्मवेअर जागे आहेत हे जवळजवळ निश्चित होते आणि संशयाचे वर्तुळ एकदम आकसते. दिवा लागलाच नाही तर मात्र तेवढ्या खात्रीने उलट बोलता येत नाही, कारण कीबोर्डाची पाळी क्रमात उशिरा येते आणि काही कीबोर्डांना असा दिवाच नसतो.

अभावाच्या जोडीला यंत्र काही भावरूप खुणाही देते, परंतु त्या वाचतानाही तितकीच सावधगिरी लागते. अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात, आणि महागड्या मदरबोर्डांवर चाचणी कुठवर आली ते दाखवणारी दोन अंकी पाटी असते. डीरॅमचा दिवा लागून राहिला की रॅम खराब आहे असे समजण्याकडे मनाचा कल होतो. वास्तविक तो दिवा प्रवास कुठे थांबला एवढेच सांगतो, कोणामुळे थांबला हे सांगत नाही. रॅमवर नियंत्रण ठेवणारा भाग पूर्वी मदरबोर्डावरील वेगळ्या चिपमध्ये असे. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो डेस्कटॉप प्रोसेसरच्या आत नेला. तेव्हापासून रॅमची वाट प्रोसेसरखालच्या शेकडो संपर्कबिंदूंमधून जाते, आणि इंटेलच्या एलजीए१७०० खोबणीत तर असे १७०० बिंदू असून त्यांच्या केसासारख्या पिना मदरबोर्डावर उघड्या असतात. प्रोसेसर बसवताना त्यांतील एखादी वाकली, किंवा वरच्या कूलरचा दाब एका बाजूला अधिक पडला, तर दोष प्रोसेसरच्या खोबणीत आणि दिवा रॅमचा, अशी फसवी स्थिती उद्भवते. अशा वेळी रॅमच्या कांड्या कितीही बदलल्या तरी काही साधत नाही.

काही प्रसंगी तर कोणताही भाग दोषी नसतो. एएमडीच्या एएम४ खोबणीत अनेक पिढ्यांचे प्रोसेसर बसत, आणि ग्राहकाच्या सोयीची ही गोष्ट तपासणाऱ्याला मात्र चकवा देई. बी४५० चिपसेटचे मदरबोर्ड २०१८ मध्ये आले, रायझन ३००० मालिका जुलै २०१९ मध्ये आली, आणि दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून असलेल्या मदरबोर्डाच्या फर्मवेअरला आपल्या नंतर जन्मलेल्या प्रोसेसरची ओळख नव्हती. फर्मवेअर सुधारायला चालू यंत्र लागते आणि यंत्र चालू करायला सुधारलेले फर्मवेअर लागते, हा पेच इतका खरा होता की २०१८ मध्ये अशाच एका प्रसंगी एएमडीने अडलेल्या ग्राहकांना जुना प्रोसेसर काही काळ उसना देण्याची सोय केली होती. पुढे अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसरशिवाय, केवळ पेनड्राइव्हवरून फर्मवेअर लिहून घेणारे बटण येऊ लागले. येथे प्रोसेसर निर्दोष, मदरबोर्ड निर्दोष, खोबण योग्य, आणि दोष फक्त दोघांच्या संबंधात असतो. एकेक भाग सुटा तपासून तो कधीच सापडणार नाही.

जोडणीतील दोषांचे स्वरूपही काळानुसार पालटले आहे. एटीएक्सपूर्वीच्या यंत्रांत मदरबोर्डाला वीज देणाऱ्या दोन सारख्या दिसणाऱ्या जोडण्या शेजारी शेजारी बसत, त्या अदलाबदल होऊन बसल्या तर मदरबोर्ड जळत असे, आणि म्हणून दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध आल्या पाहिजेत हा नियम कारागीर पाठ करून ठेवत. नंतरच्या आराखड्यांनी प्रत्येक खोबणीला असा आकार दिला की चुकीची वस्तू सहसा आत जाऊच नये. त्यामुळे चुकीचे जोडणे अवघड झाले, परंतु अर्धवट जोडणे पूर्वीइतकेच सोपे राहिले: चोवीस पिनांची जोडणी वरून बसल्यासारखी दिसते पण तिची कडी अडकलेली नसते, रॅमचे एक टोक खटकन बसते आणि दुसरे किंचित वर राहते, प्रोसेसरसाठी मदरबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असलेली आठ पिनांची स्वतंत्र जोडणी विसरली तरी पंखे आणि दिवे सुरू होतात, आणि वीज सगळीकडे पोचली असा भास होतो. मदरबोर्डाला कॅबिनेटच्या पत्र्यापासून उचलून धरणारे पितळी खुंट, ज्यांना स्टँडऑफ म्हणतात, त्यांतील एखादा अनावश्यक जागी राहिला तर तो मागच्या टाक्यांना टेकून वीज भलत्या वाटेने नेतो. दिसण्यावर विसंबून या दोषांचा छडा लागत नाही. प्रत्येक जोडणी काढून हाताने पुन्हा बसवणे, आणि राखीव ५ व्होल्ट लक्षात घेता त्याआधी भिंतीतील प्लग काढणे, हाच त्यावरचा मार्ग आहे.

यापुढचा टप्पा पद्धतीचा आहे. ज्या यंत्राला चालता काल नाही, त्याला तो तयार करून द्यावा लागतो. मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा, त्यावर प्रोसेसर, कूलर आणि पुस्तिकेत सांगितलेल्या खोबणीत रॅमची एकच कांडी एवढेच ठेवायचे, डिस्क, जादा पंखे, समोरच्या यूएसबीच्या तारा सगळे सोडवायचे आणि बटणाच्या दोन पिना पेचकसाने क्षणभर जोडायच्या. एवढे कमी भाग असलेले यंत्र पोस्ट पार करू शकले, तर तुलनेसाठी एक चालती अवस्था हाती येते आणि त्यानंतर एकेक भाग परत जोडत गेल्यास कोणता भाग आल्यावर यंत्र अडते ते कळते. न्यायशास्त्रात ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, म्हणजे कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्यही नसणे, त्या कसोटीचा हा टेबलावरचा वापर होय. एका वेळी एकच बदल, ही त्याची अट जाचक वाटते, परंतु ती मोडली की पदरी पडलेल्या निकालाचा अर्थ लावता येत नाही.

या बाबतीत दुकानातील कारागीर आणि घरी जोडणी करणारा यांची साधने वेगळी असतात. कारागिराच्या खणात चालत असल्याची खात्री पटलेली रॅम, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड पडलेले असते, त्यामुळे तो संशयित भाग काढून खात्रीचा भाग बसवतो आणि एका अदलाबदलीत निकाल मिळवतो. घरच्या माणसाकडे प्रत्येक भागाचा एकच नमुना असतो; तो अदलाबदल करू शकत नाही, फक्त वजाबाकी करू शकतो, आणि प्रोसेसर किंवा मदरबोर्ड वजा करून यंत्र उरत नाही. म्हणून घरचा तपास बरेचदा या दोघांपाशी येऊन थांबतो आणि त्यांच्यापैकी कोण, हे ठरवण्यासाठी शेवटी खात्रीचे भाग असलेल्या दुकानात जावेच लागते. एकाच वेळी दोन दोष असतील तर वजाबाकीही फसते, कारण पहिला दोष दूर केल्यावरही पडदा काळाच राहतो आणि योग्य केलेला उपाय निरुपयोगी ठरवून तो मागे घेतला जातो.

आणि तरीही बहुसंख्य यंत्रे अखेरीस सुरू होतात, बरेचदा कोणी नेमके काय केले हे न समजताच. भारतातील दुरुस्तीच्या टेबलांवर रॅमची कांडी काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायची आणि कांडी पुन्हा बसवायची, हा उपाय सर्वमान्य आहे आणि तो कितीतरी वेळा लागू पडतो. या उपायात दोन कृती एकत्र बांधलेल्या आहेत: घासणे, आणि काढून पुन्हा बसवणे. खोबणीतील स्प्रिंगसारखे संपर्क कांडी आत शिरताना तिच्या पट्ट्यांवरून घासून जातात आणि अर्धवट बसलेली कांडी दुसऱ्या खेपेला पूर्ण बसते, त्यामुळे गुण केवळ पुन्हा बसवण्याचाही असू शकतो. नव्या कांडीच्या बाबतीत, जिच्यावर घाण साचायला वेळच मिळालेला नाही, तो तसाच असण्याचा संभव अधिक. उलट खरखरीत रबर सोन्याचा पातळ थर झिजवतो. दोन्हींतील खरे कारण कोणते, हे ठरवायचे तर पुढच्या खेपेला कांडी न घासता नुसती काढून बसवावी लागेल, किंवा सुरू झालेल्या यंत्रातील कांडी मुद्दाम अर्धवट बसवून दोष परत आणता येतो का ते पाहावे लागेल. दोष गेला म्हणजे तो कळला असे होत नाही. तो हवा तेव्हा परत आणता आला तरच व्यतिरेकाची बाजू पुरी होते. गिऱ्हाईक समोर उभे असताना दुकानदाराला हे परवडत नाही आणि घरच्या माणसाला, पडदा एकदाचा उजळल्यावर, तो पुन्हा काळा करण्याची इच्छा उरत नाही. खोडरबराची कीर्ती अशा न केलेल्या प्रयोगांवरच टिकून आहे.